नायिका लिफ्टमध्ये चढत नाही

६ जानेवारी

सकाळी दूध तापवलं. बँकेत जाऊन आलो. दुपारी मुलगी आणि जावई आले. जावयांनी सोफ्याला टेप लावून लांबी बघितली. मुलगी म्हणाली, बाबा, आमच्याकडची खोली तयार आहे, रंगही देऊन झाला, आता हे घर आवरू या. मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, आई गेल्यापासून तुमचं बघूच चाललंय. मग आतल्या खोलीत जाऊन तिने हिचं कपाट उघडलं. तेव्हा मी म्हणालो, आत्ता शक्य नाही, मी कादंबरी लिहितोय.

हे मलाही त्याच वेळी कळलं.

मुलगी कपाटाचं दार धरून उभी. कसली कादंबरी? मी म्हणालो, मोठी. जावई म्हणाले, वा वा. शेवटी ठरलं ते असं: कादंबरी पूर्ण होईपर्यंत या घरातली काडीही हलवायची नाही. पूर्ण झाली की घर आवरायचं आणि मी त्यांच्याकडे जायचं. मुलीने हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

कपाट मी परत लावून घेतलं.

७ जानेवारी

विचार केला तर यात अवघड काही नाही. नोकरीभर लिफ्टची तपासणी केली आणि अहवाल लिहिले. माझा अहवाल कधी परत आला नाही. कादंबरी म्हणजे अहवालच, फक्त घडलेलं नसतं.

संकल्प: रोज हजार शब्द. मार्चअखेर समाप्त.

आज मुखपृष्ठाचं पान केलं. नाव मध्यभागी टाकलं. मग जरा वर घेतलं. मग पुन्हा मध्यभागी.

९ जानेवारी

लेखकाचं मनोगत लिहून झालं. चार पानं. टीकाकारांचे आगाऊ आभार मानले. लेखकाचा परिचयही झाला. फोटो काढायचा राहिलाय. अर्पणपत्रिकेचं पान कोरं ठेवलंय. ते शेवटी बघू. तिथे प्रिंटरचा काहीतरी प्रॉब्लेम येतो.

ही रोजनिशी केवळ कामाच्या नोंदींसाठी आहे. ऑगस्टमधल्या घटनेशी तिचा काही संबंध नाही.

१३ जानेवारी

लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी कथालेखनाचा क्लास असतो. नाव घातलं. गरज नाही, पण आपण कुठे उभे आहोत ते कळतं. शिकवणाऱ्या मॅडम चाळिशीच्या आहेत, दोन पुस्तकं नावावर. मला काका म्हणतात. माझ्या शेजारी एक दातांचे डॉक्टर बसतात. ते प्रेमकथा लिहितात. त्यांच्या नायिका उठसूट हसतात आणि प्रत्येक वेळी दातांचं वर्णन येतं.

मॅडम म्हणाल्या, दाखवा, सांगू नका. सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही घेतलं. अर्थ घरी बघेन.

१४ जानेवारी

अर्थ लागला नाही. टेबलाची जागा बदलली.

२० जानेवारी

क्लासमध्ये सराव होता: पहिली भेट. मी वाचून दाखवलं ते इथे उतरवून ठेवतो, पुढे कुणाला मूळ खर्डा बघायचा असेल.

"सदर महिला सकाळच्या सुमारास बसथांब्यावर उभी असल्याचे आढळले. सदर महिला सुस्थितीत होती. किरकोळ झीज वगळता कोणताही दोष दिसून आला नाही. नायकाने सदर महिलेकडे पाहिले असता उभयतांमध्ये प्रेम निर्माण झाल्याचे निदर्शनास आले."

वाचून झाल्यावर हॉल शांत. प्रभाव पडला होता. मग डॉक्टर म्हणाले, साहेब, हे प्रेम आहे की पंचनामा? मॅडम हसल्या नाहीत, पण पाणी प्यायल्या. म्हणाल्या, काका, तेवढं सदर काढा. आणि तिला काहीतरी नाव द्या.

नाव देणार नाही. नायिका वाचकाच्या कल्पनेवर सोडायची असते. शिवाय नावाने हाक मारायची मला सवय नाही. आमच्याकडे अगं म्हटलं की काम व्हायचं.

२१ जानेवारी

कॉम्प्युटरला सांगून जिथे जिथे सदर तिथे तिथे ती करून घेतलं. एका झटक्यात काम. लोक उगाच पुनर्लेखनाचा बाऊ करतात.

२७ जानेवारी

क्लासमध्ये डॉक्टरांनी विचारलं, साहेब, तुमचा नायक इस्त्रीचा "तीा" घालून ऑफिसला जातो, ही काय वस्तू आहे? सगळे हसले. तो सदरा होता. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मागच्या बाकावरून कोणीतरी मला सदरकाका म्हणालं. लेखकाला टोपणनाव पडणं हा एक टप्पाच असतो.

३ फेब्रुवारी

कथानक सापडलं! रहस्यकथा. नायिका लिफ्टमध्ये एकटी. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये दोर तुटतो. अपघात की खून? या विषयावर अधिकाराने लिहील असा दुसरा लेखक कोण आहे? क्लासमध्ये तर कुणी नाही.

मुलीचा फोन आला. कुठवर आलं? मी म्हणालो, नायिका मरतेय, मग संपलंच. मग म्हणाली, जेवलात का?

५ फेब्रुवारी

एक तांत्रिक अडचण.

केबिनला पाच दोर असतात. त्यातला एक जरी शाबूत असला तरी अख्खी केबिन माणसांसकट पेलतो. पाचही तुटले असं धरलं, तरी वेग वाढताच केबिनखालचे जबडे रूळ घट्ट पकडतात आणि केबिन जागेवर थांबते. लिफ्ट कोसळते ती सिनेमात. मी तपासलेली एकही कोसळलेली नाही.

तेव्हा नायिकेचा मृत्यू तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही.

८ फेब्रुवारी

वाचकाच्या मनात शंका राहू नये म्हणून सुरक्षाव्यवस्थेवर एक प्रकरण लिहिलं. अकरा पानं, दोन आकृत्या. आजवरचं सर्वांत चांगलं प्रकरण. लिहिताना भान हरपलं, भात लागला.

१० फेब्रुवारी

क्लासमध्ये प्रकरण वाचलं. मॅडमनी सहाव्या पानावर थांबवलं. म्हणाल्या, काका, दोर तुटत नसेल तर ब्रेक निकामी करा. मी समजावून सांगितलं की केबिनच्या दुसऱ्या टोकाला वजन असतं. केबिनमध्ये माणूस एकटाच असेल तर ते वजन भारी पडतं, म्हणून ब्रेक गेला तर लिफ्ट खाली येत नाही, वर जाते.

डॉक्टर म्हणाले, मग झालं की, वर गेली म्हणजे संपलंच!

हॉलभर हशा. मॅडमही हसल्या. मी हसलो नाही. हा विनोदाचा विषय नाही. वर गेली तरी धक्का झेलायला बफर असतात.

११ फेब्रुवारी

पाठ धरली. खुर्ची लेखनाला योग्य नाही. जेवणाच्या टेबलाची आणली. ती डुगडुगते. पायाखाली जाड कागदाची घडी घातली. उद्यापासून हजाराऐवजी पाचशे शब्द, पण कसदार.

१७ फेब्रुवारी

नवीच भानगड. खुनाचं काय ते नंतर बघू, आधी नायिका लिफ्टमध्ये तर गेली पाहिजे. म्हणून तिला तळमजल्यावर आणून उभी केली. बटण दाबलं. दार उघडलं. आणि ती म्हणाली, अहो, तुम्ही या यातून, मी जिन्याने येते.

तिने असं म्हणावं असं मी ठरवलं नव्हतं. दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. दोन्ही वेळा जिना. तिसऱ्या वेळी तिने वर टोमणा मारला: तुम्ही पास केलेल्या लिफ्टमध्ये मी बसायची नाही, सही करताना तुमचं लक्ष कुठे असतं ते मला ठाऊक आहे.

हे वाक्य आमच्याकडे बोललं जायचं, हे खरं. पण तो योगायोग.

मॅडमना विचारलं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, काका, पात्रं ऐकेनाशी झाली म्हणजे ती जिवंत झाली. आता तुम्ही त्यांचं ऐका.

डॉक्टरांची पात्रं अजून त्यांचं ऐकतात. मी ते त्यांना बोलून दाखवलं नाही.

१९ फेब्रुवारी

नायिकेचं ऐकतोय. आज तिचं म्हणणं असं की बेसिनचा नळ गळतो आणि घरात कुणाचं लक्ष नाही. वॉशर आणून बदलला. याला रिसर्च म्हणतात.

२२ फेब्रुवारी

नायिकेच्या सांगण्यावरून: पडदे धुतले. उशांचे अभ्रेही धुवा म्हणाली, ते राहू दिले. गॅसची नळी बदलली. जिन्यातल्या दिव्यासाठी सोसायटीला अर्ज दिला. शब्द: शून्य. पण पात्राची चांगली ओळख होतेय.

२६ फेब्रुवारी

लिफ्ट रद्द. खलनायक तिच्या घरी जाऊनच खून करील. हातात सुरा. दाराची बेल वाजवतो.

संध्याकाळपर्यंतची प्रगती: नायिकेने त्याला बूट बाहेर काढायला लावले. पाणी दिलं. असल्या उन्हात कुठे हिंडताय म्हणाली. सुरा बघून म्हणाली, धार गेलीय याची, चौकात धारवाला बसतो, आमच्याही दोन सुऱ्या नेता का? खलनायक तीन सुऱ्या घेऊन निघाला.

उद्या परत येईल तेव्हा बघू.

२७ फेब्रुवारी

परत आला. धार चांगली करून आणली होती. चहा पिऊन गेला.

२ मार्च

क्लासमध्ये खलनायकाचं प्रकरण वाचलं. लोक हसत होते. रहस्यकथेत इतकं हसू येतं म्हणजे त्यांच्या मनावरचा ताण किती असेल, याची कल्पना आली. डॉक्टर म्हणाले, साहेब, तुमची ही बाई मरायची नाही, माझ्याकडून लिहून घ्या. मी म्हणालो, ही क्राफ्टची अडचण आहे. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, काका, एखादा आजार वगैरे?

नको. आजार हा प्रकार फार वापरून झालाय. शिवाय मला त्यातलं काही माहीत नाही.

३ मार्च

आजाराचा विचारही करून बघितला. एक ओळसुद्धा झाली नाही. कीबोर्ड बिघडलाय बहुतेक. बाकीची बटणं नीट चालतात.

९ मार्च

क्लासला गेलो नाही. घसा.

१५ मार्च

मुलगी न सांगता आली. मी म्हणालो, अगं, फोन तरी करायचास. ती म्हणाली, फोन केला की तुम्ही खर्डा लपवता. चहा टाकते म्हणाली आणि जाता जाता टेबलावरची पानं उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी बाहेर पेपर वाचत बसलो. तोच पेपर दोनदा वाचला. आतून मध्येच हसल्याचा आवाज आला. खलनायकाचं प्रकरण असणार.

बाहेर आली तेव्हा नाक लाल. चहा टाकलाच नव्हता.

म्हणाली, बाबा, ही आई आहे.

मी म्हणालो, छे, नायिका संपूर्ण काल्पनिक आहे. तसं मनोगतात स्पष्ट म्हटलंय. शिवाय आईला चष्मा होता, हिला नाही.

ती म्हणाली, पान तेरावर चष्मा कपाळावर चढवून ती घरभर चष्मा शोधतेय.

तो टंकनदोष आहे. तपासून दुरुस्त करीन.

मग ती माझ्या शेजारी सोफ्यावर बसली. म्हणाली, मी उगाच तुमच्या मागे लागले. यांनाही मी सांगते. तुम्ही लिहा हो, हवी तितकी वर्षं लिहा. नाही संपवली तरी चालेल.

मी म्हणालो, ठीक आहे.

ती गेल्यावर लक्षात आलं, हा सरळसरळ अपमान आहे. नाही संपवली तरी चालेल म्हणजे काय? माझा एकही अहवाल अर्धवट राहिलेला नाही. बापाच्या कुवतीवर पोटच्या मुलीचा विश्वास नसावा?

संकल्प: संपवणारच. मुलीला दाखवून देणार. मार्चअखेर म्हणजे मार्चअखेर.

१६ मार्च

चष्म्याचं वाक्य काढलं. मग परत घातलं. त्याशिवाय पान उघडं पडत होतं.

२० मार्च

शेवटच्या प्रकरणाची आखणी: खून नाही, अपघात नाही, आजार नाही. खलनायकाला गावाला पाठवून दिलं. आता उरले नायक, नायिका आणि जिना. मोठे लेखकही शेवटी साधेपणाकडेच येतात.

२४ मार्च

अहवालाच्या पद्धतीने करून बघितलं. "सदर महिलेचे दुःखद निधन झाल्याचे वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून समजले." बिनचूक वाक्य. कुठेही बोट ठेवायला जागा नाही.

पुसून टाकलं.

२६ मार्च

"नायिकेची प्राणज्योत मालवली." ही काय वर्तमानपत्रातली जाहिरात आहे? पुसलं.

"नायिका अनंतात विलीन झाली." ही बाई कधी शेजारच्या बिल्डिंगमध्येसुद्धा मला सांगितल्याशिवाय गेली नाही. पुसलं.

२७ मार्च

काही झालं नाही. दुपारी लोळत पडलो. उठून गच्चीची किल्ली शोधली, मिळाली नाही. लेखनाला मोकळी हवा लागते, ती या घरात नाही.

३० मार्च

झालं.

सकाळी चहा घेतल्यावर बसलो आणि लिहिलं. वेळ लागला नाही. नायक-नायिका दवाखान्यातून घरी येतात. बिल्डिंगची लिफ्ट चालू आहे, मी स्वतः तपासलेली. तरी ती जिन्याने निघते. नायकही तिच्याबरोबर जिन्याने. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती कठड्याला धरून थांबते. तो वळून बघतो. ती म्हणते, अहो, तुम्ही व्हा पुढे, दार उघडा, मी येते.

तो पुढे जाऊन दार उघडतो.

ती गेली.

त्याखाली समाप्त असं टाकलं. फाइल मॅडमना पाठवली. मुलीलाही पाठवली, पुरावा म्हणून. एकूण पानं फार नाहीत. त्यात अकरा पानं दोरांची आहेत. तरी पूर्ण ती पूर्ण.

मॅडम काय म्हणतील याची उत्सुकता आहे. शेवटच्या वाक्याला हात लावायला त्यांना जागा नाही. दोन शब्दांत त्या काय सुधारणार?

२ एप्रिल

मॅडमचं उत्तर आलं. भाषा आता पुष्कळ सुटसुटीत झालीय म्हणतात. खलनायक आवडला. अकरा पानं काढायला सांगितलीत. शेवटच्या पानावर लाल अक्षरांत शेरे:

"ती गेली. कुठे गेली? वर की खाली? वाचकाला कळत नाही. दाखवा."

त्याखाली: "आधी नायिका येते म्हणतेय, आणि एकाच वाक्यानंतर गेली? विसंगती आहे. तपासून घ्या, काका."

शेरे वाचले. शेरा आला की त्याला उत्तर द्यायचं, ही माझी कायमची सवय. उत्तर लिहायला बसलो. मॅडमचं बरोबर आहे. येते म्हणाली होती. मीही तेच ऐकलं होतं. दार उघडून पंखा लावून ठेवला होता.

उत्तर पाठवलं नाही. वाक्यही बदललं नाही.

दुपारी मुलीला फोन केला. तिने फाइल पोचल्याचं तीन दिवसांत कळवलं नव्हतं. वाचलीस का विचारलं. हो म्हणाली. मी म्हणालो, शेवट कळला ना? मॅडम म्हणतात कळत नाही. ती म्हणाली, कळला बाबा. मग म्हणाली, आई खरंच असं म्हणाली होती? तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

आधी म्हणालो, नायिका म्हणाली. मग म्हणालो, हो.

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. ती म्हणाली, घाई नाहीये बाबा, हवं तर अजून एकदा तपासून बघा, दोन-चार महिने गेले तरी चालतील.

मी म्हणालो, तपासली. रविवारी या तुम्ही दोघं. कपाट तू लाव, मला त्यातलं समजायचं नाही.

बरं म्हणाली. शेवटी म्हणाली, ठेवते, आणि ठेवलाच नाही. मग मीच ठेवला.

एवढ्यात मशीन थांबल्याचा आवाज आला. सकाळी दोन्ही उशांचे अभ्रे काढून धुवायला टाकले होते. बादलीत घेऊन गॅलरीत गेलो. झटकून वाळत घातले.